मापाला एक माणूस

कोणी म्हणेल, बाईचं डोकं फिरलंय. म्हणू दे. भावोजींनी मला फोनवर जे सांगितलं आणि त्यांच्या कॅमेऱ्यात मी या डोळ्यांनी जे पाहिलं, तेवढंच सांगते. पदरचं काही घालत नाही.

आणि हे रात्री नाही, भर दुपारी घडलं. भरल्या चौकात.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. फोटोग्राफर. जगभरातल्या राजधान्यांचे मोठे चौक टिपायचे, पण रिकामे, हे खूळ लग्नाआधीपासून डोक्यात. गर्दीतला चौक रिकामा कसा दिसणार? तर कॅमेरा स्टँडवर लावायचा, पुढे काळी काच बसवायची आणि बराच वेळ शटर उघडं ठेवायचं. चालती माणसं फोटोत उमटतच नाहीत. जो हलला, तो पुसला गेला.

न हलणारी एकच. ताई. चौकाच्या मधोमध, पाठमोरी. चौक केवढा ते कळायला 'मापाला एक माणूस' लागतं, असं भावोजी म्हणायचे. ताई कुरकुरायची, "सगळं जग हिंडले, पण तोंड एकाही फोटोत नाही माझं."

शेवटची एक राजधानी उरली आणि ताई गेली. आजारानं पार वाळली होती, डोक्यावर केस राहिले नव्हते. जाताना म्हणाली, "तेवढं एक उरकून टाका हो. माझ्यासाठी अडू नका."

भावोजी एकटेच निघाले. धड जेवत नव्हते, झोपत नव्हते. मी हातापाया पडले. ताईनंतर मला आपलं म्हणावं असं तेवढंच माणूस उरलं होतं. पण ऐकतील तर ते भावोजी कसले.

दुपारी त्यांनी चौकात कॅमेरा लावला. मुंगीला शिरायला जागा नव्हती. शटर उघडलं आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं...

"हलू नकोस गं."

बोलले आणि त्यांचं त्यांनाच रडू आलं.

तेवढ्यात... चौकातला आवाज बंद झाला.

माणसं चालत होती. तोंडं हलत होती. गाड्या जात होत्या. आवाज कशाचाच नाही.

शटर मिटलं आणि गलका परत आला.

त्यांनी फोटो पाहिला. चौक रिकामा. मधोमध...

ताई.

पाठमोरी. दवाखान्यातल्या झग्यात. डोक्यावर केस नसलेली.

मला फोन आला तेव्हा ते हुंदके देत होते. भीतीनं नव्हे हो, आनंदानं. "ती आलीय. आता फक्त एकदा चेहरा बघतो."

"भावोजी, परत या आधी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. या वेळी म्हणाले, "जरा वळ माझ्याकडे."

ती वळली. पण चेहऱ्याच्या जागी... नुसता फराटा.

मग रोज तेच. झग्याची गाठसुद्धा स्पष्ट, चेहरा पुसलेला. "हलतेय ती, स्थिर राहीना," असं रडकुंडीला येऊन सांगायचे. "एकदा नीट आली की निघतो."

फोटो त्यांनी मला पाठवले. मी ते मोठे करून बघितले. फराटा आडवा होता. या कानापासून त्या कानापर्यंत. लहानपणापासून तिच्याशी भांडत आलेय मी, मला नाही कळणार?

ती मान हलवत होती. नाही, नाही म्हणत होती.

"भावोजी, ती नको म्हणतेय तुम्हाला."

ते शांतपणे म्हणाले, "मग मीच जातो तिच्याजवळ."

त्यानंतर फोन लागला नाही.

कॅमेरा चौकात स्टँडवर सापडला. माणूस नाही. सामान माझ्याकडे आलं. शेवटच्या फोटोत चौक रिकामा आहे. मधोमध भावोजी. पाठमोरे, मापाला उभे, जराही न हललेले. ताई कुठेच नाही.

लोक म्हणतात, टायमर लावला असेल. असेल बाई. मलाही तेच मानायचंय.

पण फोटो एका अंगाला कललाय. भावोजींनी जन्मात वाकडा फोटो काढला नाही. ताईला मात्र कॅमेरा सरळ ठेवणं कधी जमलंच नाही.

नको नको म्हणत होतीस ना गं ताई... मग का काढलास?