तुझं ताट लावलंय

आधीच सांगते, हे माझ्यासोबत घडलंय. ऐकीव नाही.

पटत नसेल तर सरळ पुढे जा. पण खाली "कल्पना मस्त आहे, अजून लिहा" असलं काही टाकू नका. डोकं फिरतं माझं. मी तोंडाची फटकळ आहे, हे माझ्या ओळखीचे सगळे सांगतील... म्हणजे आधी सांगितलं असतं. आता काय सांगतील, मला माहीत नाही.

आणि गोष्ट रात्रीची नाही. पिंपळ नाही, अमावस्या नाही. भर दुपारची आहे. नागपूरचा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. गेल्या वर्षीचा मे महिना, रविवार.

माझं नाव प्रणाली. आम्ही गोळीबार चौकातले. आजोबांपर्यंत घरात हातमाग होता. बाबा, जागेश्वर त्यांचं नाव, नोकरीला लागले आणि माग गेला. मी हिंगण्याला एका कंपनीत अकाउंट्स बघते.

माझे दोनच मित्र. गार्गी आणि उन्मेष, दोघंही कॉलेजपासूनचे.

आम्हाला एक नाद होता. रविवारी दुपारी शहरातलं एखादं नवीन, लहानसं हॉटेल शोधून तिथे जेवायचं. एसीवाली मोठी हॉटेलं नाहीत. गल्लीतली, जिथे मालकीणच पोळ्या लाटते आणि कूलरचं पाणी पाठीवर उडतं. कुठे पाटोडी रस्सा, कुठे गोळाभात, कुठे सांबारवडी. पुण्याकडच्यांनी सांबार म्हणजे कोथिंबीर समजावं. एकमेकांच्या ताटातलं उचलायचं, तिखट कुठलं जास्त यावर भांडायचं आणि घरी येऊन कूलरसमोर आडवं व्हायचं.

माझी एक सवय होती. निंबू पिळलं की मी साल उलटी करायची आणि टोपीसारखी ताटाच्या कडेला ठेवायची. उन्मेष त्यावरून लय चिडवायचा. "बसवली का टोपी?" म्हणायचा.

जानेवारीत बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. माझे रविवार आधी दवाखान्यात आणि मग घरी त्यांच्या पलंगाशी जाऊ लागले.

मी दोघांना म्हटलं, "माझ्याशिवाय जाऊ नका बे."

गार्गीने माझा हात धरला. म्हणाली, "पागल आहेस का? तुझी जागा आम्ही कोणाला देणार आहोत?"

मी विश्वास ठेवला.

थोडे दिवस ते थांबले. मग गेले. मला राग आला नाही असं म्हणणार नाही, आला. पण त्याच दुपारी गार्गीचा फोटो आला. टेबलावर तीन ताटं. दोन त्यांची. तिसरं, भरलेलं, रिकाम्या खुर्चीसमोर.

खाली लिहिलं होतं, 'हे बघ, तुझं ताट लावलंय.'

दवाखान्याच्या बाकावर बसून मी ढसाढसा रडले. किती जीव आहे माझ्यावर, असं वाटलं मला.

मी तो फोटो आईला दाखवला. आईचा चेहराच उतरला.

"जित्या माणसाचं ताट असं रिकाम्या जागेवर मांडत नाही वं," ती म्हणाली. "कोणासाठी मांडतात ते ठाऊक आहे ना तुले? सांग त्याईले, बंद करा म्हणा."

"आई, तू पण ना!" मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

नाही सांगितलं मी त्यांना. का सांगणार होते? तेवढंच तर उरलं होतं माझ्यासाठी.

पुढच्या रविवारी फोटो आला. नंतरच्या रविवारीही. आणि मग एक असा आला, की त्यात माझं ताट...

अर्धं खाल्लेलं होतं.

ताटाच्या कडेला निंबाची साल. उलटी केलेली. टोपीसारखी.

मला वाटलं, उन्मेषचा चावटपणा. मी हसण्याचे दोन इमोजी पाठवले. त्याने उत्तर दिलं नाही.

त्याच दिवसांत मला आणखी एक गोष्ट जाणवायला लागली. रविवारी दुपारी मला भूक लागेनाशी झाली. पोट गच्च असायचं. आई आग्रह करायची आणि मी ताट सरकवून द्यायची. एकदा तिने बाबांची चादर बदलताना माझा हात जवळ घेतला, हुंगला.

"बाहेर खाऊन आली काय वं? मसाल्याचा वास येऊन राहिला."

मी सकाळपासून घरातच होते. बाबांचं अंग पुसलं होतं, साबणाने हात धुतले होते.

मी बोटं नाकाशी नेली...

झणझणीत, काळ्या मसाल्याचा वास. नखांच्या कडा पिवळ्या.

एप्रिलमध्ये फोटो यायचे थांबले.

मेमध्ये मी विचारलं, या रविवारी कुठे? गार्गी म्हणाली, "नाही गं, आता बंद केलं. उन्हाचं कोण जातं?" बाबांचं थोडं बरं होतं, एखादी दुपार आई एकटी सांभाळू शकली असती. मी म्हटलं, मी येते, जाऊया. तर म्हणे, उन्मेष कामठीला जाणार आहे मावशीकडे.

त्या रविवारी मी सहज फोन लावला.

गार्गीने उचलला. मागे कूलरची घरघर. स्टीलच्या वाट्यांचा आवाज. कोणीतरी "पोळी आणू का?" विचारत होतं. म्हणजे खोटं बोलली होती माझी मैत्रीण. मी तोंड उघडणार, एवढ्यात...

पलीकडे कोणीतरी हसलं.

माझं हसू विचित्र आहे. शेवटी नाकातून एक आवाज निघतो. लहानपणापासून लोक त्यावरून हसतात. ते हसू मी ओळखणार नाही?

ते माझं हसू होतं.

गार्गीने फोन कापला.

शेवटच्या काही फोटोंत मागे एकच पाटी दिसत होती. 'इंदुताईंचे भोजनालय'. विचारत विचारत सापडलं, मानेवाड्याकडे, एका गल्लीत. मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून गेले. तिथे मी जन्मात कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

इंदुताई कणीक मळत होत्या. मला पाहिलं आणि तोंडभर हसल्या.

"ये वं पोट्टी! आज एकटीच?"

"ताई, मी पहिल्यांदाच आले इथे."

"काय मजाक करून राहिली? दर रविवारी त्याच खुर्चीवर तर बसते तू." त्यांनी पिठाच्या हाताने कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. "बाबा कसे हायेत आता? हात हलवला म्हणत होती ना तू?"



बाबांनी उजवा हात हलवला होता. शनिवारी संध्याकाळी, इतकुसा. मी एकटी होते खोलीत. पुन्हा हलेपर्यंत आईलाही सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. उगाच आशा लागते.

मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"या रविवारी याल ना तिघं? पाटोडी करणार हाय," इंदुताई मागून ओरडल्या. मी गाडीला किल्ली लावत होते, ती लागत नव्हती.

रविवारी मी गेले.

नवतप्यातली दुपार ज्याने पाहिली नाही त्याला काय सांगू? रस्त्यावर कुत्रं नसतं. डांबर चपलेला चिकटतं. तोंडाला स्कार्फ गुंडाळून मी भोजनालयाच्या दारात उभी राहिले. आतल्या अंधाराला डोळे सरावायला वेळ लागला.

कोपऱ्यातलं टेबल. गार्गी. उन्मेष. तीन ताटं.

तिसऱ्या खुर्चीत कोणी नव्हतं. मला तरी दिसलं नाही.

पण उन्मेष तिच्याकडे बघून काहीतरी सांगत होता. मध्येच थांबत होता... कोणाचं तरी ऐकत होता... आणि मग पोट धरून हसत होता. गार्गी डोळे पुसत होती, हसून हसून. किती महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी त्या ताटाकडे बघितलं. पोळी होती.

पापणी मिटली, उघडली.

पोळी अर्धी होती.

मी आत गेले. स्कार्फ काढला. त्या खुर्चीपाशी जाऊन "सरक," म्हटलं.

तुम्हाला वाटेल, ते घाबरले असतील. इकडे मी, तिकडे ती, असं काहीतरी. नाही. दोघांनी माना खाली घातल्या, चोरी पकडल्यासारख्या. तेव्हाच मला कळलं की यांना सगळं ठाऊक आहे.

गार्गीने त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "प्रणाली... इथे नको बसू."

"काहून? माझी जागा आहे ना?"

"होती."

मी उन्मेषकडे बघितलं. तो ताटाकडे बघत बोलला, "आधी आम्हाला वाटलं तूच आलीस. आईशपथ. सरप्राइज द्यायला आलीस असं वाटलं. मग त्याच वेळी तुझा दवाखान्यातून मेसेज आला... तेव्हा कळलं."

"आणि तरी? तरी बसलात तिच्यासोबत?"

"तू चिडतेस गं," गार्गी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण हात खुर्चीवरून निघाला नाही. "फोन केला की बाबा, औषधं, रडणं, आणि आमच्यावर राग. आम्हीही थकतो ना! ही फक्त बसते. हसते. तू आधी जशी होतीस ना, तशी आहे ही."

"भैताड आहात का तुम्ही?" मी किंचाळले. "ते काय आहे माहीत तरी आहे का तुम्हाला? मी जिवंत आहे बे! ही इथे उभी आहे मी!"

इंदुताई लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं. खुर्चीकडे बघितलं. आणि मुकाट्याने आत निघून गेल्या, कडी लावल्याचा आवाज आला.

खुर्ची करकरली...

कोणीतरी उठत असल्यासारखी.

गार्गी चटकन तिकडे वळली. कधीकाळी माझ्याशी बोलायची त्या आवाजात म्हणाली, "नाही नाही, तू बस. ती जातेय."

ती. म्हणजे मी.

खरं सांगते, त्या क्षणी मला भुताची भीती नाही वाटली. इतका अपमान माझा कोणी केला नव्हता. ज्या मैत्रिणीला मी बाबांच्या पलंगाशेजारून रोज फोन करत होते, ती माझ्याऐवजी त्या... त्या कशालातरी हात धरून बसवत होती. मी बाहेर पडले. गाडीवर रडत रडत घरी आले. अश्रू गालावर येईपर्यंत सुकत होते, इतकं ऊन होतं.

घरी जाऊन आईच्या कुशीत शिरायचं, एवढंच डोक्यात होतं. निघताना तिला म्हटलं होतं, जेवायला येते. तिने ओट्यावर माझं ताट झाकून ठेवलं असणार. उशीर झाला की ती ठेवतेच.

दार नुसतं लोटलेलं होतं.

ओट्यावर ताट होतं. झाकण बाजूला काढलेलं. वरण-भात संपलेला, भाजीची वाटी चाटूनपुसून रिकामी.

ताटाच्या कडेला निंबाची साल...

उलटी.

आई मधल्या दारात उभी होती. मी काही विचारणार तोच आतल्या खोलीतून आवाज आला. घोगरा, तुटक. मला ओळखायला वेळ लागला, कारण जानेवारीपासून ऐकला नव्हता.

बाबा हसत होते.

आणि त्यांच्याशी कोणीतरी बोलत होतं. भरभर, माझ्यासारखं, मध्ये श्वासही न घेता. मग हसलं. शेवटी नाकातून तो आवाज.

मी धावले. आईने माझं मनगट धरलं. घट्ट.

"आई, सोड! ती मी नाही!"

"ठाऊक हाय मले," आई म्हणाली.

मी मनगट ओढायचं थांबवलं.

"हळू बोल वं..." आई रडत होती. "किती दिवसांनी हसून राहिले तुहे बाबा. बसू दे तिले थोडा वेळ."

मी त्याच संध्याकाळी घर सोडलं. आता हिंगण्याला कंपनीजवळ एका खोलीत राहते. आईचा फोन येतो. बाबा काठी धरून चालतात म्हणते. दोन-तीन शब्द बोलतात. आवाजात आनंद असतो तिच्या. 'तू घरी कधी येते?' असं मात्र तिने आजवर एकदाही विचारलं नाही.

मी कोणाला विचारू? कोणाला सांगू? म्हणून इथे लिहिते आहे. कोणाला यातलं काही कळत असेल तर सांगा. ते ताट एकदा मांडलं की परत उचलता येतं का?

आज रविवार आहे. दुपारचं जेवण मी केलेलं नाही. सकाळचा चहासुद्धा तसाच राहिला. दार लावून, कूलर बंद करून बसले आहे, कुठला आवाज येतो का ते ऐकत.

पोट गच्च आहे.

आणि आज बोटांना मसाल्याचा वास नाही. आईच्या हातच्या वरणाचा आहे.