मुलुंडच्या घरातली उघडी खिडकी

ही गोष्ट खरी आहे.

मी रोज देवापुढे बसणारी बाई. जपाची माळ हातात असताना खोटं बोलायचं नाही, हा माझा नेम आहे. हे लिहितानाही माळ मांडीवरच आहे.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. भर दुपार होती, गेल्या वर्षीचा पितृपंधरवडा होता, आणि मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावरचं एक स्वच्छ, उजेडाचं घर होतं.

ते घर मीच निवडलं होतं.

आम्ही कुडाळचे. आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईत करायचं ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, घरी सोडल्यावरही काही आठवडे हॉस्पिटलच्या आसपास राहा, व्यायामाला रोज यावं लागेल.

मग राहायचं कुठे, यावर घरात चर्चा सुरू झाली.

बोरिवलीला माझी नणंद उत्तरा. तिने आग्रह केला, पण तिची बिल्डिंग जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आमची मुलगी अपूर्वा अंधेरीला नोकरी करते, पण ती मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहते. तिने मोबाइलवर घरांचे फोटो पाठवायला सुरुवात केली.

अंधेरीचं घर सुंदर होतं, पण खिडक्या नुसत्या काचेच्या. उघडतच नव्हत्या.

घाटकोपरचं मोठं होतं, पण प्रत्येक खिडकीला कबुतरांसाठी जाळी ठोकलेली.

मी दोन्हीला नाही म्हटलं.

"आई, यार, तुला नक्की हवंय काय?" अपूर्वा वैतागली.

"एक उघडी खिडकी."

हे आरामखुर्चीतून हसले. "माझ्या गुडघ्याक कोण इचारणा नाय. हिच्या कावळ्याची सोय आधी."

खरंच होतं ते. सासूबाई गेल्या तेव्हापासून जेवणाआधी कावळ्याचा घास काढायचा, हा माझा नेम. केळीच्या पानाच्या तुकड्यावर वरणभात, वर तूप. पान बाहेर ठेवायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, "जो कोणी उपाशी असेल, त्याने घ्यावा." मग आपण जेवायचं. एक दिवसही चुकवलेलं नाही.

आणि मग अपूर्वाने मुलुंडच्या घराचे फोटो पाठवले.

हॉलला जाळी. बेडरूमला जाळी.

फक्त स्वयंपाकघराची खिडकी... मोकळी. बाहेर ग्रिलच्या खाली छान दगडी कट्टा.

"हेच घ्या," मी म्हटलं.

एकाच खिडकीला जाळी का नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही.

*

घरमालक राजेश. चाळिशीतला, गोड बोलणारा. राहायला ठाण्याला. किल्ली द्यायला आला तेव्हा ह्यांना लिफ्टमधून वर, हाताला धरून त्यानेच आत आणलं.

"माझ्या आईचं घर हे, काकू. ती गेली दोन वर्षांपूर्वी. आता पाहुण्यांना देतो. घर कसं, वापरातलं बरं."

पहिल्या दुपारी मी पान ठेवलं आणि वाट पाहत उभी राहिले.

कावळा आला नाही.

समोरच्या बिल्डिंगच्या प्रत्येक कट्ट्यावर कबुतरं घुमत होती. आमच्या शेजारच्या खिडकीवरही होती. आमच्या कट्ट्यावर मात्र एकसुद्धा नाही. विष्ठेचा डागसुद्धा नाही.

मी ह्यांना वाढायला वळले. परत आले...

पान रिकामं होतं.

कावळा खातो तेव्हा शितं उडतात, पान फाटतं. हे पान अखंड होतं. आणि त्यावरचं वरण चार बोटांनी पुसून घेतल्यासारखं होतं. बोटांचे पट्टे स्पष्ट दिसत होते.

मी म्हटलं, मांजर असेल.

दुसऱ्या दुपारी आवाज आला.

ठण... ठण... ठण...

स्टीलच्या ताटावर वाटी आपटावी तसा. सावकाश. आपटणाऱ्याच्या हातात जोर नसावा, असा.

"कोण वाजवतंय गं?" मी अपूर्वाला विचारलं. ती ऑफिसचा लॅपटॉप घेऊन आमच्याकडेच राहायला आली होती.

"अगं, कबुतरं हाकलत असतील. मुंबईत सगळे असंच हाकलतात."

मी खिडकीपाशी गेले. आवाज थांबला. समोरच्या बिल्डिंगच्या खिडकीत एक बाई उभी होती. आमच्या दोन खिडक्यांमध्ये जेमतेम एक गल्ली. मी हसले.

ती हसली नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

माझ्या शेजारी बघत होती...

तिने खिडकी लावून घेतली.

त्या दिवशी कट्टा पुसताना मला चौकटीवर काहीतरी टोचलं. नायलॉनच्या दोऱ्यांची टोकं. चौकटीभर, खिळ्याखिळ्याला गुंडाळलेली, आणि सगळी कापलेली. म्हणजे इथेही जाळी होती. एकदा नाही, बऱ्याचदा लावलेली असावी. कुठे हिरवी टोकं होती, कुठे पांढरी, कुठे काळी.

*

आठवड्याने राजेशचा फोन आला. आवाजातला गोडवा कमी झालेला.

"काकू, तुम्ही खिडकीत पक्ष्यांना घालता का? सोसायटीवाले माझ्या डोक्यावर बसलेत. प्लीज, बंद करा."

मी भांडणारी बाई नव्हे. परक्याचं घर, त्याचा शब्द राखायला हवा. त्या दुपारी मी घास काढला, पण तो देवापुढेच ठेवला. देवाला सांगितलं, समजून घे.

हे जेवायला बसले. पहिला घास तोंडात घातला...

आणि तो खाली जाईना.

त्यांचे डोळे विस्फारले. हात गळ्याकडे गेला. अपूर्वाने पाठीवर थापट्या मारल्या, मी पाणी दिलं, पाणी तोंडातून परत बाहेर आलं. चेहरा निळा पडत चालला.

आणि स्वयंपाकघरातून...

ठण... ठण... ठण...

कसं सुचलं मला माहीत नाही. मी देवापुढचं पान उचललं, धावत खिडकीत नेऊन ठेवलं, आणि माझ्या तोंडून आपोआप शब्द आले, "जो कोणी उपाशी असेल, त्याने घ्यावा."

मागे ह्यांनी मोठा श्वास घेतला.

घास खाली गेला होता.

मी पानाकडे पाहिलं नाही. धीर झाला नाही.

"आई, आपण आत्ताच्या आत्ता इथून निघू या," अपूर्वा रडत म्हणाली. पण निघणार कुठे? त्यांच्या गुडघ्याचे टाके ओले. उत्तराकडचे तीन जिने कसे चढवायचे? दोन-चार ठिकाणी फोन केले. लिफ्टचं किंवा तळमजल्यावरचं रिकामं घर कुठेच मिळेना.

एवढं मात्र मला कळलं होतं. त्या खिडकीत पान गेलं तरच माझ्या माणसाच्या पोटात अन्न जाणार होतं.

*

भाजी आणायला खाली उतरले तेव्हा समोरची बाई भेटली. माधुरी तिचं नाव. तिनेच माझा हात धरला आणि बाजूला नेलं.

"तुम्हालाही ऐकू येतं ना?"

मी मान हलवली.

"मालनमावशी," ती म्हणाली. "राजेशची आई. विसराळू झाल्या होत्या, बाहेर निघून जायच्या. म्हणून हा कुलूप लावून जायचा. एकदा मित्रांबरोबर गोव्याला गेला. बिस्किटं, दूध ठेवलं आणि गॅस काढून टाकला. परत यायला उशीर झाला म्हणे."

"मग?"

"त्यांनी सुरीने जाळी कापली होती, काकू. हाक मारायला. पण आवाज कुठे निघणार त्या वयात... म्हणून ताट वाजवायच्या."

तिची बोटं माझ्या मनगटावर घट्ट झाली.

"आम्ही म्हणायचो, मावशी आज कबुतरांच्या मागे लागल्यात. माझी दुपारची झोप मोडायची, मी चिडायचे. मग एका दुपारी आवाज थांबला. मी मनात म्हटलं, बरं झालं..."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. गालफडं बसलेली, ब्लाउज खांद्यावरून उतरलेला.

"मला दुपारचं जेवण जात नाही," ती म्हणाली. "तेव्हापासून. रात्री थोडं जातं."

"आणि राजेश?"

"तो दुपारी इथे येतच नाही कधी. आणि घरात अन्नाला हात लावत नाही. किल्ली देतो आणि जातो. त्याने किती वेळा जाळी लावून घेतली त्या खिडकीला. सकाळी बघावं तर कापलेली."

*

सर्वपित्री अमावास्या आली.

मी पहाटे उठून सगळा स्वयंपाक केला. वडे, खीर, अळूची भाजी, भोपळा. त्या दिवशी दोन पानं काढली. एक सासूबाईंचं. दुसरं मालनताईंचं.

पानं कट्ट्यावर ठेवली, हात जोडणार तोच बेल वाजली.

राजेश. हातात नवी जाळी आणि पक्कड.

"काकू, सॉरी. सोसायटीने नोटीस दिलीय. आज संध्याकाळपर्यंत जाळी लागली पाहिजे, आणि माणूस आयत्या वेळी आला नाही. मीच लावतो."

"आजचा दिवस राहू द्या," मी हळूच म्हटलं. "आज सर्वपित्री. तुमच्या आईंचं पान वाढलंय."

तो थबकला. मग हसला. "मी ऑनलाइन देतो ना दरवर्षी. वृद्धाश्रमात जेवण. पावती येते."

"राजेश, ती खिडकी बंद केली तर आमच्या ह्यांना जेवण जात नाही. मी हात जोडते तुमच्यापुढे."

"काकू, तुमच्यासारख्या देवाधर्माच्या बाईने असं काही मनात आणू नये."

तो स्वयंपाकघरात गेला. मी दारात उभी. बाहेर हे पानावर बसलेले, हात जोडून माझी वाट बघत.

राजेशने हाताच्या उलट्या बाजूने दोन्ही पानं ढकलली. ती खाली गेली. वडे, खीर, सगळं.

मग तो जाळी बांधू लागला. एक कोपरा. दुसरा. तिसरा...

ठण...

त्याचा हात थांबला.

"काकू?"

"मी इथे आहे. माझे हात मोकळे आहेत," मी म्हटलं.

ठण... ठण...

आवाज आता बाहेरून येत नव्हता. त्याच्या अगदी मागून येत होता. ओट्यावर माझं रिकामं ताट होतं... ते हलत होतं.

त्याने शेवटची गाठ मारली. घाईघाईने.

आणि जाळीचा खालचा दोरा तुटला.

मग त्याच्या वरचा. मग त्याच्या वरचा... एकेक, सावकाश, बोथट सुरीने कापावा तसा. खालून वर. आम्ही दोघंही बघत होतो.

राजेश मागे सरकला. त्याचं तोंड उघडं होतं. काहीतरी बोलायला उघडलं असावं, पण ते मिटेना. भरवायला घेतलेल्या लहान मुलासारखं ते उघडंच राहिलं. त्याच्या गळ्याचा कंठमणी वर-खाली, वर-खाली होत होता...

कोणीतरी त्याला भरवत होतं.

तिथे काही नव्हतं. घास नव्हता, हात नव्हता. नुसती रिकामी हवा तो गिळत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बाहेरून ह्यांचा आवाज आला, अगदी नेहमीचा. "गो, जेवूक बसू मा? भूक लागली."

मी वळून पाहिलं. त्यांनी वडा मोडून तोंडात घातला होता. आणि तो सरळ खाली गेला.

ताट हलायचं थांबलं. राजेशचं तोंड मिटलं. त्याने पाण्यासाठी हात पुढे केला. मी तांब्या दिला. त्याने घोट घेतला...

सगळं पाणी त्याच्या शर्टावर आलं.

तो तसाच ओल्या शर्टाने निघून गेला. पक्कड ओट्यावरच राहिली.

*

त्यानंतर ह्यांना काही त्रास झाला नाही. टाके निघाले, आम्ही कुडाळला परत आलो. हे आता काठी न घेता देवळात जातात.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी फोन आला. आवाज ओळखूच येईना, इतका बारीक झाला होता.

"काकू... मी राजेश."

तो हॉस्पिटलमध्ये होता. नळीने अन्न देत होते, तेही उलटून पडत होतं. सगळ्या तपासण्या झाल्या, दोष कुठेच सापडत नाही.

"मी रोज तिच्या नावाने पान ठेवतो. तसंच राहतं. तुमचं घेतलं तिने. तुम्ही सांगा ना तिला. एकदा सांगा. मी मरतोय, काकू."

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. कसाही असला तरी लेकरू होतं कोणाचं तरी.

दुसऱ्या दिवशी मी परसात पान ठेवलं, हात जोडले आणि म्हटलं, "मालनताई, पोराला माफ करा."

आमच्या परसात कावळ्यांना तोटा नाही. आंब्यावर बसलेले असतात.

ते सगळे एकदम उडून गेले.

पान तसंच राहिलं. तूप थिजलं, माशासुद्धा बसल्या नाहीत. आणि आत...

हे खोकले.

मी धावले. त्यांचा हात गळ्यावर होता. डोळे माझ्याकडे.

मी तिथूनच, परसाकडे तोंड करून म्हटलं, "नाही. मी पुन्हा नाही सांगणार."

घास खाली गेला.

तेव्हापासून मी राजेशचं नाव देवापुढेसुद्धा घेत नाही. दुपारी जेवणाच्या वेळी माझा मोबाइल वाजतो. मुंबईचाच नंबर असतो. मी तो पालथा घालते.

आजही वाजला. वाजून वाजून थांबला. मी पान घेऊन परसात गेले, ठेवलं, वळले आणि मागे न बघता आत आले.

हे जेवायला बसले होते. मी वाढायला लागले.

बाहेर, पानावरून कोणीतरी सावकाश बोटं फिरवत असल्याचा आवाज येत होता...