सायेचं शेवाळ

क्योतोतल्या त्या गल्लीत सकाळी आपलं दार झाडावं, शेजाऱ्याच्या हद्दीत फार तर वीतभर केरसुणी जाऊ द्यावी आणि थांबावं, हे शेंबडं पोरही जाणतं. म्हणूनच, आपल्या दारासमोरची फरशी कुणीतरी आधीच लख्ख झाडलेली पाहून सायेचं डोकं सणकलं. शेजारी नुकताच राहायला आलेला ताकुमा शाबासकीची वाट पाहत उभा होता.

"तुमच्या गावी शेजाऱ्यांची तोंडंही धुऊन देतात का?" तिने गोड हसून विचारलं.

तो दूरच्या होक्काइदोचा, साधा. "नाही... का हो?"

"इथे एवढं झाडलं की अर्थ होतो — बाई, तू घाणेरडी आहेस."

बिचारा कानापर्यंत लाल झाला. संध्याकाळी मिठाई घेऊन माफी मागायला आला, तेव्हा साये घरामागच्या कोपऱ्यात गुडघे टेकून बसली होती. उन्हाचं तोंड न पाहिलेली, फुटक्या कुंड्यांची ती अडगळ तिने एकटीने उपसली होती. दगड मांडले होते, जपानी बागांत असतं तसं शेवाळ लावलं होतं... आणि ते करपत होतं. पितरांच्या ओबोन सणापर्यंत हिरवं झालं नाही, तर वडील तिथे सिमेंट ओतून मोटारसायकल लावणार होते.

"मदत करू?"

"हात लावायचा नाही. हे माझं आहे."

"बघू तरी?"

"बघा. बघण्याने करपत नाही."

तो भिंतीपाशी गेला, हवेत हात धरून उभा राहिला आणि तडक घरी निघून गेला. साये हिरमुसली, पण कबूल थोडंच करणार?

दुसऱ्या दिवसापासून तो रोज येऊन पायरीवर बसू लागला. ती चिमट्याने वाळकी पानं वेचायची, सुटलेलं शेवाळ तळव्याने दाबायची. तो नुसता पाहायचा, घाम पुसत.

"एवढा घाम?"

"तुम्ही समोर असता ना..."

"चावट." पण तिचे कान तापले. आणि शेवाळ हळूहळू हिरवं होऊ लागलं.

सणाच्या आदल्या दिवशी ती कलिंगड द्यायला त्याच्याकडे गेली. ताकुमा बादलीत पाय सोडून पंख्याने वारा घेत बसला होता. घर नुसतं भट्टी झालं होतं.

"एसी बिघडलाय?"

"नाही... त्याचा बाहेरचा डबा तुमच्या भिंतीला लागून आहे. गरम हवा थेट तुमच्या शेवाळावर जायची. पहिल्याच दिवशी कळलं."

साये ताठ झाली. "म्हणजे ते तुमच्यामुळे जगलं?"

"माझ्यामुळे मरत होतं. जगवलं तुम्ही."

"मग सांगितलं का नाही?"

"हात लावू नका म्हणालात. मी माझ्याच घरातलं बटण बंद केलं."

क्योतोचा ऑगस्ट, आणि हा वेडा मुकाट्याने उकडत बसला होता. याच्यावर आपलं प्रेम आहे, हे तिला तिथे, कलिंगडासकट उभी असताना कळलं.

सणाला पाहुणे आले. सिमेंटवाले वडील प्रत्येकाला कोपऱ्यात नेऊन सांगत होते, "माझ्या लेकीने केलंय, एकटीने." हिरव्यागार शेवाळावरून आत्याची नजर पायरीवरच्या ताकुमाकडे गेली.

"आणि हा माळी वाटतं?"

शेवाळ दाबत बसलेली साये उठली. मातीने भरलेल्या हाताने तिने त्याचा हात घट्ट धरला.

"माळी मी आहे, आत्या. हा माझा होणारा नवरा."

ताकुमालाही ही बातमी आत्ताच कळत होती. पण त्याने छाती पुढे काढली आणि सगळ्यांना कमरेत वाकून नमस्कार केला.