रेडॉनच्या डबीची टोपी

"माझं घर खोटं बोलतंय," सूनबाई म्हणाली आणि तिने अहवाल टेबलावर आपटला.

मीटरबाईंनी तो उचलला. वीस वर्षं विजेचे मीटर वाचून त्या खाजगी गुप्तहेर झाल्या होत्या. सोबतीला बहिणीचे यजमान, भावोजी. ते प्रत्येक पुरावा वहीत लिहीत आणि वही घरी विसरत.

जमिनीतून घरात झिरपणारा, फुप्फुसांना घातक असा किरणोत्सारी रेडॉन वायू मोजायला गावात घरोघरी काडेपेटीएवढ्या डब्या तीन महिने ठेवल्या होत्या. शेजारच्या सुताराकडे आकडा आला तीनशे दहा. अंगणातल्या झाडावर तीस. सूनबाईच्या घरात अठरा.

"अंगणापेक्षा घरात चांगली हवा," भावोजी म्हणाले. "अभिनंदन."

"कसलं अभिनंदन? आकडा मोठा, त्याच घराला वायू बाहेर काढणारा पाइप मिळणार. यादी आज संध्याकाळी बंद होतेय. माझी चार वर्षांची मुलगी त्याच खोलीत झोपते. अध्यक्ष म्हणतात, अहवाल अंतिम. म्हटलं, माझ्यासाठी नाही."

"डबी रोज दिसायची?"

"टोपी दिसायची. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, डबीसाठी विणलेली, वीतभर उंच. परत देताना डबीला कॉफीचा वास मात्र येत होता."

गावाचे अध्यक्ष प्लॉट विकत. "रेडॉन ऐकून गिऱ्हाईक पळतं, कबूल," ते म्हणाले. "पण त्या घरात मी शिरलोच नाही. सासूबाई पाहुण्यांच्या चपला धुतात."

सुतार म्हणाला, "सोफ्याला प्लॅस्टिक, रिमोटला प्लॅस्टिक. मागे मला बसायला वर्तमानपत्र दिलं. तेव्हापासून मी कुंपणावरूनच बोलतो."

संध्याकाळी मीटरबाईंनी अध्यक्षांना यादीसकट सूनबाईच्या स्वयंपाकघरात आणलं. सासूबाई कॉफी करत होत्या. साखर, मीठ, चहा, सगळ्यांना झाकणाचे डबे, डब्यांवर चिठ्ठ्या. कॉफीची पूड तेवढी वाटीत, वर बशी.

"कॉफीचा डबा कुठंय, काकू?"

"टाकला."

"का?"

सासूबाई ओटा पुसू लागल्या.

"काडेपेटीएवढ्या डबीला वीतभर टोपी कशाला?" मीटरबाई म्हणाल्या. "टोपीखाली होता कॉफीचा डबा आणि डब्यात डबी. घट्ट झाकण. आत अडकलेला रेडॉन काही दिवसांत विरला, नवा शिरला नाही. म्हणून आकडा अंगणापेक्षाही कमी. बाहेरच्या कुणाला या घरात धड बसता येत नाही, तो डबी काय हलवणार?"

"मग उघडी ठेवू?" सासूबाई कडाडल्या. "धूळ बसली असती. पन्नास वर्षं घासलंय हे घर. यात म्हणे विष."

"विष नाही, तर डबा का टाकलात?" भावोजींनी विचारलं. दिवसभरातला त्यांचा हा पहिला कामाचा प्रश्न.

"रेडॉनची डबी ठेवलेल्या डब्यात कॉफी ठेवू?"

सूनबाई हळूच म्हणाली, "आई, हे घासून जाणारं नाही. ती तिथेच झोपते."

सासूबाईंनी गॅस बंद केला. अध्यक्षांकडे वळल्या.

"यादीत नाव घाला."

"अहवाल अंतिम आहे, काकू."

"तो माझ्या डब्याचा अहवाल आहे. डब्याला पाइप नको. घराला हवाय. नाव घालेपर्यंत मी तुमच्या ऑफिसात येऊन बसते. बसण्याआधी ते घासते."

अध्यक्षांनी नाव घातलं. पुढे लिहिलं, फेरतपासणी.

"तोवर नात वर माझ्या खोलीत झोपेल," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नवी डबी कपाटावर आली. भावोजींनी ती पुसायला रुमाल काढला.

"हात लावू नका," सासूबाई म्हणाल्या. "बसू दे धूळ."