अडथळ्याचा आलेख

नवशिक्यांसाठी रोबॉटचा संच निवडताना मी एकच गोष्ट सगळ्यांत आधी बघते. दिलेली आज्ञा त्यानं दर वेळी सारखीच पाळली पाहिजे. नऊ वर्षांच्या मुलानं ‘दोन मीटर पुढे जा’ असं लिहिलं आणि यंत्र दीड मीटरवर थांबलं, तर मूल यंत्राला नाही, स्वतःला चुकलेलं समजतं.

हे मी ओस्नातला सांगितलं तेव्हा तिनं मान डोलावली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. ओस्नात आमच्या वस्तीच्या मतनासची, म्हणजे समाजकेंद्राची प्रमुख. १९९९ च्या ऑगस्टमध्ये तिनं तीन कंपन्यांकडून नमुन्याचे संच मागवले होते. सुक्कोतच्या सणानंतर बारा मुलांचा क्लब सुरू व्हायचा होता, आणि कोणता संच घ्यायचा ते मी ठरवायचं होतं. मी पुण्याहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली. इस्रायलमध्ये अश्दोदला येऊन आठ वर्षं झाली होती, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीला उन्हाळ्याची सुट्टी होती.

क्लबसाठी जागा मिळाली होती मिकलातची. हल्ला झाला तर लपण्यासाठी दर वस्तीत जमिनीखाली असा काँक्रीटचा आसरा असतो. आमचा दोन इमारतींच्या मधल्या हिरवळीखाली आहे. बावीस पायऱ्या, लोखंडी दार, हवा खेळती ठेवण्याचं हातानं फिरवायचं चाक. पूर्वी तिथं म्हातारे बुद्धिबळ खेळत. कोपऱ्यात अजून सूर्यफुलाच्या बियांची टरफलं होती आणि भिंतींना ओल्या चुन्याचा वास होता. फरशा वीस सेंटिमीटरच्या चौकोनी, म्हणजे आयता आलेखकागद. मला जागा आवडली.

माझे सासरे येहेझकेल माझ्याबरोबर यायचे. बंदरातल्या क्रेनवरून निवृत्त झाल्यापासून त्यांना काम हवं असायचं. अवितालला पाठीवर घेऊन ते पायऱ्या उतरत, कारण सहाव्या-सातव्या पायरीला तिचे ओठ निळे पडत. अविताल माझी मुलगी, नऊ वर्षांची. तिच्या हृदयात जन्मापासून छिद्र होतं, आणि सहा सप्टेंबरला तेल अविवच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी आम्हाला टक्केवारी सांगितली होती. आकड्यांशी माझी चांगली ओळख आहे. तो आकडा चांगला नव्हता.

“साबा तुला उचलून थकत नाहीत?” मी एकदा विचारलं. आजोबांना ती साबा म्हणायची.

“त्याला आवडतं,” अविताल हिब्रूत म्हणाली. मराठी तिला कळायची, पण ती कधी बोलत नसे.

“ऐकलंस, सुझॅन? आवडतं म्हणे,” सासरे म्हणाले. “पोर्टात आम्ही वीस-वीस टन उचलले. ही तर काय, कोथिंबिरीची जुडी.”

“दाय, साबा,” ती म्हणाली. पुरे.

पहिला संच प्लॅस्टिकच्या विटांचा होता, कॉम्प्युटरवर चित्रं जोडून प्रोग्रॅम लिहायचा. दुसरा भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांचा. तिसरा घुमटासारखा, बंद, पाठीवर बटणं असलेला. त्याला अवितालनं पहिल्याच दिवशी कासव म्हटलं. तिघांना मी एकच प्रोग्रॅम दिला: सरळ जा, पुढचा स्पर्श-सेन्सर दबला की थांब.

विटांचा रोबॉट दारापासून निघाला आणि खोलीच्या मध्याच्या थोडा पलीकडे थांबला. पुढे काहीच नव्हतं.

मी बॅटऱ्या बदलल्या. सेन्सर काढून पुसला. पुन्हा सोडला. त्याच फरशीवर थांबला. मग लोखंडी पट्ट्यांचा सोडला, तोही तिथंच. कासव थोडं डावीकडून सोडलं होतं, ते त्या जागेजवळून निघून गेलं आणि समोरच्या भिंतीला लागून थांबलं.

तीन वेगळ्या कंपन्या, तीन वेगळे सेन्सर. फरशीत दोष असेल असं समजून मी पाणसळ लावली. फरशी समतल होती. होकायंत्र फिरवलं, काटा हलला नाही. हात फिरवला, नंतर केरसुणी. काही लागलं नाही. सासरे त्या जागेवरून दोनदा चालून गेले.

“काय आहे ग तिथं?”

“काही नाही, पपा. सेन्सरचा गोंधळ.”

पण गोंधळ एका जागी राहत नाही. दुसऱ्या दिवशी मी सेन्सरपुढे विणकामाची सुई बसवली, म्हणजे टोक नेमकं कुठं टेकलं ते कळेल, आणि चारही बाजूंनी रोबॉट सोडायला लागले. रोबॉट थांबला की अविताल सुईच्या टोकाशी खडूनं ठिपका काढायची. नव्वद फेऱ्या झाल्या. घरी येऊन सगळे ठिपके आलेखकागदावर उतरवले.

ते चार ठिकाणी गोळा झाले होते. प्रत्येक पुंजका रुपयाएवढा. त्यांच्यातली अंतरं अडतीस सेंटिमीटर आणि छत्तीस सेंटिमीटर. चौकोन जवळजवळ काटकोनी.

मी कागद टेबलावर ठेवून चहा करायला गेले. परत आले तेव्हा सासरे चष्मा लावून त्यावर वाकले होते.

“खुर्ची आहे ही,” ते म्हणाले.

“पपा, चार ठिपके आहेत.”

“चार पाय आहेत. लहान खुर्ची. मिकलातमध्ये रिकामी खुर्ची मांडलेली आहे, आणि आपल्याला दिसत नाही.” त्यांनी चष्मा काढला. “रिकामी खुर्ची कोणाची असते, सुझॅन?”

आम्हा मराठी ज्यूंमध्ये मुलाच्या सुंतेला एक खुर्ची रिकामी ठेवतात, प्रेषित एलियाहू हन्नाबींची. बाळाला क्षणभर तिच्यावर ठेवतात, नि मग पुढचा विधी. संकटात नवसही त्यांनाच बोलायचा आणि मलिदा करायचा. अलिबागपासून अश्दोदपर्यंत हे कुणी सोडलेलं नाही. मीही नाही.

“सुंता मुलांची असते,” मी म्हटलं.

“प्रॉफेटला मुलगा-मुलगी काय? दोन आठवड्यांवर ऑपरेशन आलंय, आणि त्यांची खुर्ची आपल्या दारात आलीय. तूच मोजून काढलीस. मी म्हातारा काय मोजणार होतो?”

मी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. डेव्हिड रात्रपाळीहून नुकताच आला होता, बूटही काढले नव्हते.

“करू दे त्यांना,” तो म्हणाला. “काय बिघडणार आहे?”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. ज्या गोष्टीचं कारण माहीत नाही तिच्यावर प्रयोगशाळेत आम्ही हात ठेवत नाही. पण डॉक्टरांचा तो आकडा माझ्याही डोक्यात होता. काही बिघडणार नाही, असं मीही म्हटलं.

गुरुवारी दुपारी चारला आम्ही खाली गेलो. सासऱ्यांनी भिजवलेल्या पोह्यांत गूळ आणि खोबरं कालवून मलिदा केला होता. बालवाडीतून एक लाकडी खुर्ची आणली होती. चार खुणांवर तिचे चार पाय ठेवले, ते तंतोतंत बसले. विधीला लागणारा शेंबाटाचा सुवासिक हिरवा पाला मिळाला नाही म्हणून पुदिना ठेवला होता. सासऱ्यांनी प्रार्थना म्हटली, अवितालला उचललं आणि खुर्चीवर बसवलं.

तिचे पाय जमिनीला टेकले. डावं पाऊल नेहमीसारखं आत वळलेलं. लहानपणापासून ती तशीच उभी राहायची.

“थंड आहे,” ती हिब्रूत म्हणाली.

“काय थंड आहे?”

सासऱ्यांनी तिला उचलून घेतलं. खुर्ची आम्ही परत बालवाडीत नेऊन ठेवली.

ऑपरेशन चार तास चाललं. सर्जन बाहेर आला तेव्हा हसत होता. चौथ्या दिवशी ती चालायला लागली, दहाव्या दिवशी घरी आली. ओठ गुलाबी होते. ती बावीस पायऱ्या न थांबता उतरली. सासरे वर उभे राहून रडले.

“साबा, रडू नका,” ती म्हणाली. मराठीत.

“बघ, बघ. नवस पावला,” सासरे म्हणाले.

मलाही आनंद झाला होता. तो आनंद खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. फक्त मी मोजायची सवय सोडली नव्हती. ती चालताना मी तिच्या पावलांकडे पाहिलं. दोन्ही सरळ पडत होती. हृदयाच्या ऑपरेशननं पाऊल सरळ होत नाही.

क्लब सुरू व्हायला चार दिवस होते. अहवाल पूर्ण करायचा म्हणून मी एकटी खाली गेले आणि कासव सोडलं. ते खुर्चीच्या जागेपर्यंत पोचलंच नाही. तिच्या अलीकडे, पुढच्या दोन खुणांच्या मध्यासमोर थांबलं. आधी तिथं कधीच काही लागलं नव्हतं.

सुई लावून मी साठ फेऱ्या केल्या. ठिपके खडूनं जोडले.

दोन लांबट आकार निघाले. शेजारी शेजारी, बोटं दाराकडे. प्रत्येकी साडेएकोणीस सेंटिमीटर. उजवा सरळ होता. डावा आत वळलेला होता.

मी फरशीवर बसले. हात पुढे केला. काहीच नव्हतं. हवा थोडी गार होती, जमिनीखाली असतेच.

“अविताल,” मी म्हटलं.

चुन्याचा वास येत राहिला.

सासऱ्यांना मी खाली नेलं आणि खडूचे आकार दाखवले. काही समजावलं नाही. ते कठड्याला धरून पायरीवर टेकले.

“खुर्ची आपण मांडायची असते,” ते म्हणाले. “आपण मांडतो, मग ते येतात. ही आधीच मांडलेली होती.”

“म्हणजे?”

“कोणी मांडली ते विचारायला हवं होतं, बेटा. मी विचारलं नाही.”

त्यानंतर ते मिकलातमध्ये आले नाहीत. त्या हिवाळ्यात वारले. दुखणं असं काही नव्हतं.

मी एकदा प्रयत्न केला. तीच बालवाडीची खुर्ची, त्याच खुणा, दुपारी चारच. घरातल्या अवितालचा हात धरून तिला तिथं आणलं आणि बस म्हटलं. ती खुर्चीजवळ गेली. बैठकीकडे बघून थांबली.

“इथे कुणीतरी बसलंय, आई,” ती म्हणाली.

माझी मुलगी मला ईमा म्हणायची.

तिनं माझा हात सोडवून घेतला. हळूच, मला दुखू नये अशा बेतानं. आणि पायऱ्या चढून वर गेली.

ओस्नातला मी कासवाची शिफारस केली. आज्ञा नेमकी पाळतं, सुटे भाग कमी, मुलांच्या हातून मोडत नाही. अहवालात यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. क्लब चालू आहे. ती जागा मी दोऱ्या बांधून वेगळी केली आहे. मुलांना सांगितलं आहे, तिथं फरशी खराब आहे. मुलं गेली की मी स्टूल घेऊन बसते आणि शंभर फेऱ्या करते. शंभर फेऱ्यांची सरासरी घेतली की मिलिमीटरपर्यंत भरवसा ठेवता येतो.

घरातली अविताल शहाणी आहे. पोळ्या करायला शिकली. तक्रार करत नाही, धावते, रात्री स्वस्थ झोपते. डेव्हिड म्हणतो, देवानं दिलेली वस्तू अशी उलटसुलट करून बघायची नसते. दीड वर्षात तिला नवे बूट घ्यावे लागले नाहीत. अजून एकतीस नंबर होतो. ऑपरेशननंतर काही मुलांची वाढ उशिरा होते असं डॉक्टर सांगतात.

खालच्या पावलांची माझ्याकडे नोंद आहे. पहिल्या जानेवारीत एकोणीस पूर्णांक नऊ. सुट्टी लागताना वीस पूर्णांक तीन. आत्ता, फेब्रुवारीत, एकवीसला एक मिलिमीटर कमी. डावं अजून आत वळलेलं आहे. मी तिच्याशी बोलते. शाळेतलं, हवेतलं, काय स्वयंपाक केला ते. ती ऐकते की नाही हे मोजण्याचं साधन माझ्याकडे नाही.

गेल्या मंगळवारी फेऱ्या संपवून मी कासव आवरायला गेले, तर ते दोऱ्यांच्या पलीकडे, मी कधी मोजलं नव्हतं अशा जागी थांबलेलं होतं. मी सुई लावली. नव्वद फेऱ्या केल्या.

चार पुंजके आले. तिच्या उजव्या बाजूला, अगदी हाताच्या अंतरावर. चव्वेचाळीस बाय त्रेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाची खुर्ची. त्यांच्यापुढच्या फरशीवर, पावलांसाठी, मी आणखी साठ फेऱ्या केल्या.

तिथं काही लागत नाही. ती खुर्ची रिकामी आहे.