खिशात मावणारा कॅमेरा

टेबलावर दोन कॅमेरे ठेवले होते आणि त्यांच्यावरून चांद्रप्रकल्पाच्या दृक्-प्रयोगशाळेत सकाळपासून खडाजंगी चालली होती.

त्यातला एक होता आरसाविरहित, म्हणजे 'मिररलेस' कॅमेरा. छंद नुकताच जडलेल्या माणसाला दुकानदार गळ्यात मारतो त्यातला, स्वस्तातला, पण भिंगासकट चांगला ओंजळभर. दुसरा साबणाच्या वडीएवढा, शर्टाच्या खिशात मावणारा. चंद्रावर जाणाऱ्या सामानात यांपैकी एकालाच जागा होती, आणि कोणाला ते ठरवायचं होतं हेमांगी चौबळला. प्रतिमाशास्त्रज्ञ म्हणून ते तिचं कामच होतं. जाणारा माणूस तिचा धाकटा भाऊ होता, हा त्यातला अवघड भाग.

"दोन्हींच्या प्रकाश टिपणाऱ्या पाट्या बघ," प्रयोगशाळेचे प्रमुख नाईकनवरे सर म्हणाले. त्यांचा आवाज मुळातच चढा. चहा मागितला तरी भांडल्यासारखा वाटे. "मोठ्याची पोस्टाच्या तिकिटाएवढी, धाकट्याची करंगळीच्या नखाएवढी. पागोळीखाली परात ठेवली आणि वाटी ठेवली, तर पाणी कशात जास्त जमेल?"

"वाटीत," हेमांगी म्हणाली. "कारण परात रंगा फडताळातून काढणारच नाही. सर, तुम्ही त्याला ओळखत नाही. आंघोळीचा कंटाळा म्हणून चंद्रावर चाललाय तो."

सर हसले नाहीत. "थट्टा पुरे. त्या भुयारातले दिवे कसले आहेत?"

ते तिला पाठ होतं. लाव्हारसानं पोखरलेल्या चांद्रभुयारात तळ होता आणि वीज वाचवायला तिथले सगळे दिवे पिवळे होते. पिवळ्या उजेडात पिवळं दिसत नाही. माणसाला कावीळ झाली तरी त्याची त्याला कळणार नाही, म्हणून आठवड्यातून एकदा पांढऱ्या झोताच्या प्रकाशात चेहऱ्याचा फोटो हवा, असा डॉक्टरांचा आग्रह होता. पाण्याच्या टाक्या, यानाचे जोड, दारांभोवतीची रबरी कडी यांचीही तपासणी याच कॅमेऱ्यानं व्हायची होती.

"धाकट्यात पूर्तिगणित आहे," ती म्हणाली. "वाटीत चार थेंब पडले तरी उरलेलं चित्र ते स्वतः भरून काढतं. त्याला आधी त्या माणसाचे, त्या वस्तूचे भरपूर फोटो दाखवून ठेवायचे. मग अंधारातही ते ओळखून नेमकं चित्र काढतं."

"म्हणजे अंदाज करतं."

"शिकलेला अंदाज, सर."

"शिकलेला असो की अडाणी. तू डॉक्टरांना रोग्याचा चेहरा दाखवणार आहेस की यंत्राला आठवतो तो चेहरा?"

या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर होतं. प्रकाश पुरेसा असला की यंत्र फारसं काही भरत नाही, हे तिनं शंभरदा तपासलं होतं. भिंग स्वच्छ, झोत पुरता, मग भीती कसली? शिवाय धाकटा कॅमेरा नेला तर साडेतीनशे ग्रॅम वाचत होते, आणि आईनं मेतकुटाची पुडी आधीच बांधून ठेवली होती. हे शेवटचं कारण तिनं सरांना सांगितलं नाही. धाकट्याच्या नावापुढे खूण करून ती मोकळी झाली.

निघायच्या दिवशी गडबड उडाली. रंगाच्या चेहऱ्याचे फोटो कॅमेऱ्याला दाखवायचे राहूनच गेले होते. टाक्यांचे, जोडांचे, कड्यांचे फोटो ते सगळं नवं कोरं असतानाच दाखवून झाले होते. माणूस तेवढा राहिला. तेवढ्यात आई निरांजन आणि कुंकवाची कोयरी घेऊन आली. भावाला ओवाळायचं म्हणून हेमांगीनं पदर सावरला आणि तोच धाकटा कॅमेरा तिकाटण्यावर लावून दिला. एका दगडात दोन पक्षी. औक्षण होईस्तोवर यंत्रानं रंगाचे दोनशे फोटो टिपून घेतले, समोरून, बाजूनं, तबकाच्या उजेडात, पेढा खाताना. शिकवणीचे फोटो वेगवेगळ्या दिवशी, साध्या चेहऱ्याचे घ्यायचे असतात, हा नियम तिनंच लिहिला होता. पण आई आली होती, उजेड छान होता आणि भाऊ कधी नव्हे तो इतका देखणा दिसत होता.

एक तुकडी परतून दुसरी येईपर्यंत तळाची राखण करायची, एवढंच रंगाचं काम. एकट्यानं. उतरताना सामानाच्या कप्प्यात उष्णता शिरली आणि रक्ततपासणीच्या पट्ट्या सगळ्या वाया गेल्या. डॉ. वाघमोडे यांनी कपाळाला हात लावला. पण फोटो येत होते आणि ते उत्तम होते. वाघमोडेबाई म्हणाल्या, "चला, तुझा कॅमेरा आहे म्हणून निभावतंय."

तिसऱ्या महिन्यात रंगा कुरकुरायला लागला. अंगाला खाज सुटते, भूक नाही, मेतकुटाचा वाससुद्धा नको वाटतो. बाईंनी फोटो निरखून पाहिला. डोळे पांढरेशुभ्र, गालांवर तुकतुकी.

"एकटेपणा आहे हा," त्या म्हणाल्या. "आणि खाज धुळीची. हेमांगी, तू बोल त्याच्याशी रोज."

ती बोलत राहिली. आपलं वाक्य चंद्रावर पोचून उत्तर यायला अडीचेक सेकंद लागत. त्या अडीच सेकंदांत ती नेहमी काहीतरी वाईट कल्पून घेई आणि मग त्याचा आवाज आला की स्वतःलाच हसे.

"रंगा, खरं सांग. अशक्त वाटतंय?"

"वाटतंय गं ताई. पण दिसत तर नाही. इथे आरसा नाही, मी कॅमेऱ्याच्या पडद्यातच बघतो स्वतःला. गेल्या महिन्यापेक्षा गाल वर आलेत. बहुतेक मनाचेच खेळ आहेत."

प्रयोगशाळेत सगळे म्हणू लागले, चौबळांना चंद्राची हवा मानवली. जिथे हवाच नाही तिथली हवा मानवली, या विनोदावर हेमांगीही हसली.

मग एका दुपारी बाईंनी तिला बोलावून घेतलं. नव्या फोटोत रंगाच्या कपाळावर तांबूस डाग दिसत होता. "पुरळ आहे का बघ जरा मोठं करून," त्या म्हणाल्या.

हेमांगीनं चित्र मोठं केलं. डाग भुवयांच्या बरोबर मध्ये होता आणि वर निमुळता होत गेला होता. तिनं आणखी मोठं केलं. डागाच्या मधोमध काहीतरी पांढरं, लांबट चिकटलं होतं. तो तांदळाचा दाणा होता.

चंद्रावर कुंकू नव्हतं. अक्षता तर नव्हत्याच. त्या फक्त एका दिवशी, एका कपाळावर होत्या, आणि तिथे त्या तिनंच लावल्या होत्या.

"बाई," ती म्हणाली, "हा फोटो रंगाचा नाही."

नाईकनवरे सरांना बोलावलं. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बसायचं तिला सुचलं नाही. चंद्राची धूळ कुटलेल्या काचेसारखी असते. त्या धुळीनं भिंगावर ओरखडे पाडले, झोताचा दिवा मंदावला. आत येणारा प्रकाश घटला तसं यंत्र जास्त जास्त आठवणीतून भरू लागलं. भिंग रोज पुसायचं होतं. पण रंगाला उभं राहायचंही त्राण नव्हतं, मग पुसतो कोण? "तो जितका आजारी पडला," ती म्हणाली, "तितकं भिंग मळत गेलं आणि फोटोत तो तितका बरा दिसत गेला."

मी सांगितलं होतं, असं सर म्हणतील म्हणून ती वाट पाहत होती. त्यांनी नुसती खुर्ची ओढून तिला बसवलं, आणि तेच तिला सोसवलं नाही.

पूर्तिगणित बंद करायची आज्ञा वर पाठवली. त्यानंतर जो फोटो आला तो जवळजवळ काळा होता, रेती सांडल्यासारखा ठिपक्याठिपक्यांचा. त्यावर तासभर संस्कार केल्यावर एक चेहरा निघाला. हेमांगीला तो पटकन ओळखता आला नाही. गालफडं बसली होती आणि डोळ्यांचा पांढरा भाग हळदीत बुडवल्यासारखा पिवळा होता.

"यकृत गेलंय," बाई हळूच म्हणाल्या. "काहीतरी विषारी जातंय पोटात. बहुतेक पाण्यातून." टाकीच्या अस्तराचे आजवरचे सगळे फोटो त्यांनी काढून पाहिले. प्रत्येकात अस्तर नव्यासारखं चकाकत होतं.

पृथ्वीवरून मदत पोचायला महिन्याहून जास्त वेळ लागणार होता. रंगाकडे बाईंच्या मते चार-पाच दिवस होते. भुयाराच्या तोंडाशी, तळाच्या दारालाच जोडलेलं, संकटकाळासाठी एक छोटं यान उभं होतं, त्यातून त्यानं चंद्राच्या कक्षेतल्या स्थानकावर पोचायचं, तिथे डॉक्टर होते, पण खाली उतरायला यान नव्हतं. दुसरा मार्ग नव्हता. पोटात पाणी झाल्यामुळे त्याला दाबपोशाख बंद करता येईना. तसंच, साध्या कपड्यांत जायचं ठरलं.

उड्डाण पाहायला घरच्यांना बोलावण्याची प्रकल्पात पद्धत होती, म्हणून नियंत्रणकक्षात मागच्या रांगेत आई चार नातेवाइकांसह येऊन बसली. तिला एवढंच सांगितलं होतं, की रंगाला बरं नाही, त्याला लवकर आणतायत.

सुटण्याआधी दाराचं रबरी कडं तपासायचं होतं. उभ्या यानात हवा टिकत होती. पण रबरातली बारीक चीर थरथराटात उघडते, आणि ती आधी डोळ्यांनीच सापडावी लागते. फोटो आला. कडं गुळगुळीत, काळंभोर, जणू आत्ताच वेष्टनातून काढलेलं. कक्षात दोघातिघांनी सुटकेचा श्वास टाकला. उड्डाणप्रमुख हेमांगीकडे वळले. तिनं होकार दिल्याशिवाय यान सुटणार नव्हतं.

"हे कडं आजचं नाही," ती म्हणाली. "उड्डाणासाठी यंत्रं पुन्हा सुरू केली तशी पूर्तीही चालू झालीय, आणि तिला ते नवं असतानाचंच माहीत आहे."

"पूर्ती बंद करून घेतलात फोटो?"

"घेतला. काळ्या रबराचा, त्या उजेडात. काही दिसत नाही त्यात."

"मग नको म्हणायचं?"

वाघमोडेबाई जमिनीकडे बघत होत्या. हेमांगीनं कानावरचं यंत्र घट्ट धरलं.

"रंगा, तू स्वतः बघ ते कडं. कुठे चीर आहे का?"

अडीच सेकंद गेले, मग आणखी बरेच.

"या पिवळ्या उजेडात धड दिसत नाही गं ताई. बोट फिरवलं, पण बोटंच सुजलीत, कळत नाही. कॅमेऱ्यात मात्र स्वच्छ दिसतंय. एकदम नवं."

"कॅमेऱ्यावर जाऊ नकोस रे."

"का? तूच तर निवडलास."

तो चिडून म्हणाला नव्हता. लहानपणी रस्ता ओलांडताना ज्या भरवशानं तो तिचं बोट धरायचा, तोच भरवसा त्या आवाजात होता. राहिला तर नक्की दगावणार होता. निघाला तर कदाचित वाचणार होता. हिशेब सोपा होता आणि त्यात फोटोला काही स्थान नव्हतं.

"हो," ती उड्डाणप्रमुखांना म्हणाली. "जाऊ द्या."

यान सुटलं. कक्षात समोर दोन पडदे होते. डाव्या पडद्यावर आकडे, उजव्यावर आसनासमोर बसवलेल्या त्याच कॅमेऱ्याचे फोटो, मिनिटाला एक. उड्डाणासाठी सगळी यंत्रं बंद करून पुन्हा सुरू केली होती, त्यामुळे कॅमेराही आपल्या मूळ सवयीवर, म्हणजे पूर्तिगणितावर, परत गेला होता. यानात जवळजवळ अंधार होता. हेमांगी उजवीकडे बघतच नव्हती. तिचे डोळे डाव्या पडद्यावर एका आकड्यावर खिळले होते, आतल्या हवेच्या दाबाच्या.

थोडा वेळ तो स्थिर राहिला. मग शेवटचा अंक हलला. मग त्याच्या आधीचा. मग तो घसरू लागला, आणि घसरतच राहिला.

नाईकनवरे सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. उड्डाणप्रमुख रंगाला हाका मारत होते. अडीच सेकंद, आणि काही नाही. पुन्हा अडीच सेकंद.

तेवढ्यात मागून टाळ्या वाजल्या. उजव्या पडद्यावर फोटो आला होता. रंगा आसनात ताठ बसला होता, डोळे उघडे, टवटवीत, तोंडभर हसत. त्यामागून दुसरा आला, तसाच. आकड्यांचा अर्थ न कळणारे घरचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. डाव्या पडद्यावर आता नुसतं शून्य होतं. फोटो येत राहिले.

आई पुढे आली आणि हेमांगीचा दंड धरून पडद्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"किती छान आलाय गं," ती म्हणाली. "मला यातला एक मोठा करून दे. भिंतीवर लावते."