मधल्या तीन पावलांची वाट

तो पंखा बंद करा कुणीतरी, त्याच्या घरघरीत काही ऐकू येणार नाही. आणि मागे बसून जे कुजबुजतायत त्यांनी पुढे सरकावं. मागे बसणाऱ्यालाच नंतर घरी सोडायला सोबत लागते, असा माझा अनुभव आहे.

मी थापा मारतो हे तुमच्या आईबापांनी तुम्हाला सांगितलेलं असणारच. खरं आहे. पण ही गोष्ट ज्याची, त्याने बनवलेला चष्मा आत्ता माझ्या नाकावर आहे. त्याने ती मला सांगितली तेव्हा त्याचा आवाज एकदाही वरखाली झाला नाही. दुकान किती वाजता उघडतं ते सांगावं, तसं सांगितलं. यात मी माझ्या पदरचं फक्त एक मांजर घातलंय. ते आलं की कळवेन. बाकी सगळं त्याचं.

तर हा चष्मेवाला, नोव्हेंबरच्या चौदा तारखेला, मंगळवारी, रात्री सव्वानऊला शेजारच्या काकांचा चष्मा द्यायला घरातून निघाला. निघाला म्हणजे किती लांब, तर दोन हात. कारण त्याचं घर बोटीत होतं आणि काकांचंही बोटीत, आणि दोन्ही बोटी अंगाला अंग लावून बांधलेल्या.

कालवा जिथे रुंद होतो तिथे धक्का होता. जुन्या मालवाहू बोटी लोकांनी राहायला घेतलेल्या, आत खाटा, शेगडी, खिडक्यांना पडदे. जागा कमी म्हणून दोन-दोन बोटी शेजारी. एक आतली, धक्क्याला लागून. दुसरी बाहेरची, आतलीला बांधलेली. आता बाहेरच्याला जमिनीवर जायचं तर आतल्याच्या बोटीवर पाय दिल्याशिवाय गत्यंतर नाही. कामाला जाताना, भाजी आणताना, दिवसातून दहा वेळा. जिन्यावरचे शेजारी निदान दार लावून घेतात हो. इथे शेजारी तुमच्या छपरावरूनच ये-जा करणार.

काकांची बोट आतली होती. काका म्हणजे पाण्याच्या मीटरचं रीडिंग घेण्यात पस्तीस वर्षं घालवलेला माणूस. काट्यावर दिसेल तेवढंच खरं. सगळा धक्का त्यांना नियमकाका म्हणायचा, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांच्या बोटीच्या मधोमध, दोन खोल्यांच्या फटीतून, आरपार वाट होती. तीन पावलं टाकली की माणूस चष्मेवाल्याच्या बोटीवरून धक्क्यावर. पण वाटेला लागून काकांची झोपायची खोली. म्हणून त्यांनी मधल्या वाटेला साखळी लावली, साखळीला कुलूप, आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात. शेजाऱ्याने पुढच्या टोकाला वळसा घालून जायचं. तिथे वीतभर रुंदीची कड, एकोणीस पावलं, बूट हातात, आणि खिडकीत बघायचं नाही.

चष्मेवाल्याने एकदाच नियम मोडला होता. बायकोसाठी पुस्तकांचं कपाट करायचं म्हणून लांब फळ्या आणल्या होत्या, त्या रात्रीच्या साखळीवरून मधून काढल्या. तेव्हापासून बोलणं बंद. बायको मात्र रोज एकोणीस पावलं चालायची. ती लायब्ररीत कामाला, पाय न वाजवता चालायची सवय. जाता जाता काकांच्या खिडकीकडे न बघता म्हणायची, येते हं काका. काका आतून खाकरायचे. एवढंच त्यांचं सख्य.

ती एप्रिलात गेली. पाण्यात नाही, दवाखान्यात. तेव्हा शंका घेऊ नका.

त्यानंतर सात महिने चष्मेवाला दुकानात जात होता, काचा घासत होता, जेवत होता. लोक म्हणायचे, बरा सावरलाय. कसला सावरतोय. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो? आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही. तसा तो सगळाच्या सगळा झाला होता.

आणि त्यात काकांनी धक्क्याच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली. बाहेरच्या बोटीकडे रात्री कोणीतरी येतं, रोज, मधल्या वाटेने. ऑफिसातल्या बाईंनी फोन करून सांगितलं, उद्या दहाला दोघंही या, आपसात मिटलं नाही तर बाहेरच्या बोटीला जागा सोडावी लागेल. चष्मेवाल्याच्या बोटीचं इंजिन नऊ वर्षांपूर्वीच मेलेलं. आसपासच्या धक्क्यांवर एक जागा रिकामी नाही. जागा गेली की घर गेलं, आणि घरात अजून तिची गादी होती, तिची पुस्तकं होती. तरी त्याला राग आला नाही. त्याला वाटलं, यायला हवा होता. म्हणून, काका न बोलता दुकानात ठेवून जायचे त्या चष्म्याची काच तिसऱ्यांदा बदलून, तो वळसा घालून गेला आणि दारावर टकटक केलं.

काकांनी चष्मा लावला, दिव्याकडे बघितलं आणि अजून धूसरच आहे म्हणाले. मग म्हणाले, “आत या.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा.

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या. टेबलावर एक पाणसळ ठेवलेली. गवंडी ओळंबा-पातळी बघतात ना, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली, ती. चष्मेवाल्याने सरळ सांगितलं की रात्री माझ्याकडे कोणी येत नाही. मी एकटा आहे. वारा असेल.

“वाऱ्याला वजन नसतं,” काका म्हणाले. “बोटीवर माणसाने पाय ठेवला की बोट त्या अंगाला दबते. तुम्हाला मी सांगायला नको. बसा. स्वतः बघा. उद्या बाईंना मग तुम्हीच काय ते सांगा.”

तो बसला. घरी जाऊन तरी काय करणार होता?

काकांनी चहा केला. साखर विचारली नाही, दोन चमचे घातली. मग दोघं टेबलाच्या दोन बाजूंना, मध्ये पाणसळ, आणि बाजूच्या खिडकीतून मधली वाट आणि साखळी दिसतेय. कालव्याचे दरवाजे संध्याकाळी सहाला बंद होतात, त्यामुळे पाण्यावर दुसरी बोट नाही, लाट नाही. पलीकडच्या बोटीतला शेगडीचा धूर सुतासारखा सरळ वर चाललेला. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये. जसा काही रंगवलेला.

काका धक्क्यावरच्या एकेका शेजाऱ्याबद्दल तक्रार करत राहिले. कोण रात्री बादल्या आपटतं, कोणाचा रेडिओ, कोणाचे दोर नीट बांधलेले नाहीत. चष्मेवाला हं हं करत होता. बारा वाजले. एक वाजला. काकांच्या तक्रारी संपल्या. इतक्या तक्रारी संपू शकतात हेच त्याला नवल वाटलं.

इथे मांजर येतं. साखळीवर चढतं, दोघं दचकतात, मांजर निघून जातं. हे ते माझं मांजर. जरा श्वास घ्यायला घातलं. घेतलात? बरं.

दोन वाजले. काकांनी दिवा बारीक केला.

दोन दहा.

काकांनी दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवले. म्हणाले, हात लागला असं नंतर म्हणायला नको.

दोन एकोणीस.

धक्क्याकडचा दोर करकरला. एकदाच.

बुडबुडा हलला. धक्क्याकडच्या रेघेपासून लांब सरकला. म्हणजे बोट धक्क्याच्या अंगाला दबली. कोणीतरी चढलं तर दबते तेवढी. कमी नाही. जास्त नाही.

खिडकीत साखळी दिसत होती. साखळी हलली नाही. वाटेत कोणी नव्हतं.

बुडबुडा मध्ये आला.

थांबला...

मग दुसरीकडे सरकला. चष्मेवाल्याची बोट होती त्या अंगाला आता भार होता. एक. दोन. तीन. पावलांचा आवाज नव्हता. फक्त बुडबुडा.

मग पाणसळ शांत झाली. आणि बाहेर, शेजारच्या बोटीचा दोर करकरला.

“गेली,” काका म्हणाले.

चष्मेवाला वाट बघत होता. भीती येईल म्हणून. ती आली नाही. त्याला फक्त कपातला चहा थंड झालेला कळत होता.

“परत कधी जाते?” त्याने विचारलं.

“परत जात नाही. मी उजाडेपर्यंत बसलोय, किती रात्री. येते. परत जात नाही. आणि दुसऱ्या रात्री पुन्हा येते.”

“तीच आहे कशावरून?”

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दोन वाजून एकोणीस मिनिटांनीच ॲम्ब्युलन्सवाले आले होते, ते म्हणाले. मी घड्याळ बघितलं होतं. तक्रारीत वेळ लिहायला लागते.

एप्रिलातली ती रात्र चष्मेवाल्याला पाठ होती. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन. स्ट्रेचरवर बायको. मध्ये साखळी. तो ओरडला होता, काका, साखळी काढा. काकांनी खिडकी उघडली आणि म्हणाले, “पुढून जा, नियम सगळ्यांना सारखा,” आणि खिडकी लावून घेतली. वीतभर कडेवरून स्ट्रेचर वळेना. तिरकं करावं लागलं, उतरवावं लागलं, तिला हातावर घ्यावं लागलं. अकरा मिनिटं गेली. पहाटे पाचला ती गेली. त्यावर तो काकांशी एक शब्द बोलला नव्हता. बोलणं तसंही बंदच होतं.

“मला वाटलं फळ्या,” काका म्हणाले.

चष्मेवाल्याने कप खाली ठेवला.

“झोपेत होतो. चष्मा नव्हता डोळ्यावर. दोन माणसं, काहीतरी लांब. मला वाटलं, हा पुन्हा फळ्या नेतोय. देवाशप्पथ, मला वाटलं फळ्या.”

चष्मेवाला पाणसळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता.”

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. त्याने विचारलंच नव्हतं.

काका म्हणाले, तक्रार उद्या मागे घेतो. ती मी यासाठीच दिली होती, तुम्ही एकदा माझ्या दारात यावं म्हणून. मला दुसरी रीत येत नाही. फक्त एक करा. आत जा आणि तिला विचारा, माझ्यावर राग आहे का.

चष्मेवाला उठला. दारातून बाहेर पडून सवयीने पुढच्या टोकाकडे वळला, बूट हातात घेऊन.

“मधून जा,” मागून काका म्हणाले आणि गळ्यातल्या किल्लीने कुलूप काढलं.

तीन पावलं. त्याने स्वतःच्या बोटीवर पाय ठेवला. दार लोटलं. आत अंधार. दोन खाटा, एक या अंगाला, एक त्या अंगाला, मध्ये काचा घासायचं टेबल. पाण्याच्या बाजूची खाट तिची. गादी सात महिने गुंडाळलेली होती. तशीच होती.

तो आपल्या खाटेवर बसला. दिवा लावला नाही.

“काका विचारतायत, राग आहे का.”

काही नाही.

पाणी नाही. दोर नाही. काही नाही.

मग टेबलावरची पेन्सिल घरंगळली. तिच्या खाटेच्या बाजूला. टेबलाच्या कडेला जाऊन थांबली. त्याने ती उचलून मध्ये ठेवली. पुन्हा घरंगळली... पुन्हा तिकडेच. तिसऱ्यांदा त्याने ठेवली नाही.

तो आडवा झाला. आणि झोपला हो. सात महिन्यांत पहिल्यांदा, सकाळी आठपर्यंत, मेल्यासारखा.

काका धक्क्यावर उभे होते, बाहेर जायचे कपडे करून, दाढी करून. रात्रभर झोपले नव्हते. साखळी काढून गुंडाळून हातात धरलेली. त्यांनी काही विचारलं नाही. चष्मेवालाच म्हणाला, “नाही म्हणाली.”

काका चष्मा पुसत राहिले. बराच वेळ पुसला. म्हणाले, आता स्वच्छ दिसतंय.

दहाला ऑफिसात दोघं शेजारी बसले. तक्रार मागे. कारणाच्या जागी काकांनी आपल्या हाताने लिहिलं, वारा होता. आयुष्यातलं त्यांचं पहिलं खोटं रीडिंग. जागा राहिली. पुढे दोघांचं चांगलं जमलं. म्हणजे काका अजूनही खेकसायचे, पण रात्री जेवायला बोलवून खेकसायचे. रोज दोन एकोणीसला पाणसळ हलायची का, ते दोघांपैकी कोणी तोंडातून काढत नसे.

फेब्रुवारीत बोटींचे तळ रंगवणारा आला. पाच वर्षांतून एकदा येतो. चष्मेवाल्याची बोट बघून म्हणाला, साहेब, काय भरलंय आत? एका अंगाला चार बोटं खाली बसलीय. लोखंड ठेवलंय का?

पाण्याकडच्या अंगाला. तिची खाट होती त्या.

रंगवणारा म्हणाला, आधी रिकामी करा. मग केली. काचा, टेबल, शेगडी, पाण्याची टाकी. खाटा. पुस्तकं. शेवटी कपाटाच्या फळ्या, त्या स्वतः काकांनी खांद्यावर घेऊन मधून आणल्या. सगळं धक्क्यावर मांडलं. माणसंही उतरली. बोटीत आता हवा होती नुसती.

बोट वर आली नाही.

रंगवणाऱ्याने दोन वेळा डोकं खाजवलं. म्हणाला, रात्रभर बसू द्या, कधीकधी वेळ घेते. आणि पाणी जिथे टेकलं होतं बरोबर तिथे, त्या अंगाला, आपल्या छोट्या होडीतून पांढऱ्या ऑइलपेंटची बोटभर रेघ ओढून गेला.

सकाळी तो परत आला तेव्हा दोघं धक्क्यावर आधीच उभे होते. काकांची बोट काल होती तेवढीच पाण्यात होती. चष्मेवाल्याने रंगवणाऱ्याच्या होडीतून पलीकडच्या अंगाला जाऊन, गुडघे टेकून पाण्यात हात घातला.

पांढरी रेघ पाण्याच्या दोन बोटं खाली होती.